एक गाडी, तीन फाइली: रीमॅप करायचा की नाही हे कसं ठरवावं

२०२१ च्या दिवाळीच्या सुमारास मी बाणेरमधून एक जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस घेतली. २०१७ साली भारतात आलेली ती २३० पीएसवाली (पीएस म्हणजे घोड्यांच्या ताकदीचं माप). विकणाऱ्या काकांनी गळ्याची शपथ घेऊन सांगितलं, "गाडी स्टॉक आहे, एक स्क्रू हलवलेला नाही." स्क्रू खरंच हलवलेला नव्हता.

पहिला महिना मी खूश. पाय ठेवला की पाठ सीटला चिकटायची, सिग्नलवरून निघताना पुढची चाकं किंचाळायची, शेजारी बसलेला मित्र डॅशबोर्डला हात लावून "अरे हळू" करायचा. मग एका रविवारी नवले पुलाकडून कात्रजच्या नव्या बोगद्याचा चढ चढत होतो. गिअर सहावा, वेग ८०. पुढचा ट्रक बाजूला झाला म्हणून पाय दाबला, तर आरपीएमचा काटा १,९०० वरून टुणकन २,६०० वर गेला आणि वेग ८० चा ८०च. क्लच घसरत होता.

भोसरीतल्या एका गॅरेजमध्ये ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, वाचून घेतला तेव्हा उलगडा झाला. आत कंपनीची फाइल, म्हणजे इंजिन कसं चालवायचं ते सांगणारं सॉफ्टवेअर, नव्हतीच. आधीच्या कुणीतरी इंटरनेटवर मिळणारी कुठलीशी फाइल गाडीत टाकून दिली होती. फाइल अशी बदलणं म्हणजेच रीमॅप. त्यानंतर मी तीच गाडी सात-आठ महिने कंपनीच्या मूळ फाइलवर चालवली आणि मग नीट मोजूनमापून केलेल्या तिसऱ्या फाइलवर. इंजिन एक, टर्बो एक, स्वभाव तीन. म्हणून "रीमॅपने खरंच फरक पडतो का" असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर "पडतो" हेच आहे. फक्त एक गंमत सांगतो: सगळ्यात जास्त टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) देणारी फाइल त्या तिघींत सगळ्यात वाईट होती. ती तशी का होती, हे कळलं की पुढची सगळी पद्धत आपोआप कळते.

फाइलमध्ये असतं काय

ईसीयूच्या पोटात शेकडो तक्ते असतात. फ्लॅट घेताना रेडी रेकनर बघतो ना, तसे. इतके आरपीएम, इतका भार, तर हवा एवढी, पेट्रोल एवढं, ठिणगी पिस्टन वर पोचायच्या इतके अंश आधी. टर्बो पेट्रोल गाडीत रीमॅप करणारा मुख्यतः बूस्ट (टर्बो हवा किती दाबून भरतो), ठिणगीची वेळ आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण यांना हात घालतो. चौथी गोष्ट जाहिरातीत कधी नसते, पण सगळं तिच्यावर ठरतं: टॉर्कच्या मर्यादा. आजच्या गाडीत तुम्ही पेडल दाबता म्हणजे थ्रॉटल उघडत नाही, ईसीयूकडे टॉर्कची मागणी नोंदवता. ती मागणी कुठल्या आरपीएमला, कुठल्या गिअरमध्ये किती मंजूर करायची, हे वेगळ्या तक्त्यांत लिहिलेलं असतं. गिअरबॉक्सचा संगणकही त्याच आकड्याकडे बघून क्लचवर दाब देतो. माझ्या पहिल्या फाइलवाल्याने बूस्ट वाढवला होता, पण गिअरबॉक्सला खरा टॉर्क कळवलाच नव्हता. त्या बिचाऱ्याने जुन्या हिशोबाने क्लच धरला, आणि तो घसरला.

पेडलचाही एक तक्ता असतो आणि फसवणुकीची सुरुवात तिथून होते. पाव पेडलवर अर्ध्या पेडलचा टॉर्क द्यायचा एवढंच बदललं, तरी गाडी एकदम "जिवंत" वाटते. ताकद मात्र कणभरही वाढलेली नसते. पेडलला जोडायच्या ज्या छोट्या डब्या मिळतात, त्या हेच करतात. टेस्ट ड्राइव्हला गेलात तर पूर्ण पेडलवर गाडी कशी जाते तेवढंच बघा. अर्ध्या पेडलवरच्या चपळाईवर जाऊ नका.

मग कंपनीने एवढी जागा शिल्लक का ठेवली? तिला तीच गाडी जैसलमेरच्या मे महिन्यात, आडगावच्या पंपावरच्या पेट्रोलवर, सर्व्हिस चुकवणाऱ्या मालकाच्या हातात वॉरंटी संपेपर्यंत न कुरकुरता चालवायची असते. वर उत्सर्जनाच्या चाचण्या. वेताळ टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांना एआरएआयची इमारत दिसते. १९६६ साली स्थापन झालेली ही संस्था गाड्या तपासते. असे तक्ते गाडीवर बसवण्यामागे (कॅलिब्रेशन) किती महिन्यांचं काम असतं, याचा अंदाज तिथे काम करणाऱ्या कुणाही ओळखीच्या माणसाशी दहा मिनिटं बोललात तर येईल. आणि कंपनीने स्वतः तरी किती वाढवलं? २०२० मध्ये व्हीआरएस २४५ आली, फक्त २०० गाड्या. २३० चे २४५ पीएस, ३५० चे ३७० न्यूटन मीटर. ट्यूनर (रीमॅप करणारे) मात्र २३० वाल्या गाडीला सहज "२९०-३००" म्हणतात. तो आकडा खोटा नसतो. मधली जी सगळी राखीव जागा आहे, ती तुम्ही खर्च करत असता.

आधी गाडी कोणती ते बघा

टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीला रीमॅप करू नका. स्पष्टच सांगतो. त्यातून तीन-पाच टक्के मिळतात, तेही चांगल्या पेट्रोलवर. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे. इथे हवेचा दाबच सहा टक्क्यांच्या आसपास कमी असतो. म्हणजे रीमॅपने जे मिळणार, त्याहून जास्त पुण्याने आधीच काढून घेतलंय. होंडा सिटीवाल्या मित्राला कुणी "वीस घोडे वाढवून देतो" म्हणालं, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

टर्बो डिझेलला टॉर्क भरपूर वाढतो आणि फरक कुणालाही जाणवतो. पण बीएस ६ डिझेलमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतं, आणि "डीपीएफ काढून टाकू, मग बघा" हे वाक्य कानावर आलं की तिथून निघा. ते बेकायदा आहे, आणि तुमच्या मागच्या स्कूटरवाल्याच्या छातीत काय जातं तेही बघा.

टर्बो पेट्रोलमध्ये रीमॅपला खरा अर्थ आहे; मूळच्या वीस-तीस टक्के वाढ ही थाप नाही. पण इथे इंजिनाआधी गिअरबॉक्स बघायचा. आपल्याच चाकणमध्ये बनणाऱ्या व्हर्टस, स्लाव्हिया, टायगुन, कुशाकचं १.५ टीएसआय हे टर्बो पेट्रोल इंजिन घ्या. इंजिन २५० न्यूटन मीटर देतं, आणि त्याला जोडलेल्या सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीक्यू २०० डीएसजी गिअरबॉक्सची क्षमता आहे २५०. काठोकाठ. या गाडीवर "३२० न्यूटन मीटर" असं छापलेला कागद बघून आनंद होण्याऐवजी घाम फुटायला हवा, विशेषतः रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये क्लच शेकत असेल तर.

यातून शहाणी वाट निघते. पीएस काढायचं सूत्र सोपं आहे: टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७,०२४. माझ्या गाडीचे कंपनीचे आकडे ३५० न्यूटन मीटर, ४,६०० आरपीएमपर्यंत. गुणाकार करून भागा, २२९ येतात. जुळलं. आता १.५ टीएसआय बघा: ५,००० आरपीएमला १५० पीएस म्हणजे तिथे टॉर्क २१० च्या आसपास उरलेला असतो. कमाल २५० ला हातही न लावता, फक्त वर गेल्यावर टॉर्क कमी पडू दिला नाही, तर कागदावर ५,००० ला १७८ पीएस होतात. छोट्या टर्बोला तिथवर दम पुरत नाही, पण ट्यूनरकडून मागायचं ते या दिशेचं. खालच्या आरपीएमला ठोसा नको, वर दम हवा.

माझ्या व्हीआरएसमध्ये तेलात बुडालेल्या क्लचचा सहा गिअरचा डीक्यू २५० आहे, त्याची क्षमता ३५० ते ४०० न्यूटन मीटरच्या घरात धरतात. हेच सूत्र कुठल्याही ट्यूनरच्या दाव्यावर लावा. आलेख समोर धरा, कुठलाही एक आरपीएम निवडा, गुणा, भागा. पीएस जुळत नसतील तर आलेख गाडी मोजून नाही, कल्पनेत तयार झालाय.

गाडीत सध्या काय आहे ते वाचून घ्या

ही पायरी मला कुणी सांगितली नव्हती. जुनी गाडी असेल तर ईसीयूमधल्या सॉफ्टवेअरचा क्रमांक आणि फाइलची पडताळणी आधी करून घ्या. आधीच बदललेल्या फाइलवर पुन्हा टक्केवारी वाढवत बसणारे महाभाग आहेत. माझ्या गाडीची कंपनीची मूळ फाइल तर मिळतच नव्हती. ज्याने बदलली त्याने ती जपली नव्हती. शेवटी त्याच सॉफ्टवेअर क्रमांकाची मूळ फाइल ट्यूनरच्या संग्रहातून मिळाली. तुमची फाइल आज वाचली जाईल, तेव्हा तिची एक प्रत पेनड्राइव्हवर मागून घ्या. "आमच्याकडे सेफ असते" हे उत्तर चालवून घेऊ नका. लॅपटॉप फॉरमॅट होतात.

तब्येत आधी, ताकद नंतर

थकलेल्या इंजिनावर रीमॅप म्हणजे तापात मॅरेथॉन. स्पार्क प्लग, कॉइल, एअर फिल्टर, इंजिन ऑइल, डीएसजीचं ऑइल हे तर आहेच. शिवाय दोन गोष्टी लोक विसरतात. एक, टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या पाइपांची गळती. धूर सोडून तपासतात, अर्ध्या तासाचं काम. माझ्याकडे इंटरकूलरजवळच्या (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारा भाग) एका क्लिपमधून हवा जात होती; बूस्ट पूर्ण व्हावा म्हणून टर्बो उगाच जास्त धावत होता. दुसरी, थेट इंजेक्शनच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर बसणारा कार्बन. पेट्रोल व्हॉल्व्हवरून जातच नाही, त्यामुळे ते धुतले जात नाहीत. ७०-८० हजार किलोमीटर झाले असतील तर कॅमेरा घालून बघून घ्या.

आणि टायर. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी, त्यात चार वर्षांचे कडक झालेले टायर. अशा गाडीला ५० पीएस वाढवून ते फक्त रबराच्या धुरात जातात. माझ्या सगळ्या खर्चांपैकी रस्त्यावर सगळ्यात जास्त फरक टायरने पडला असं मला अजून वाटतं. बायकोला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग टायरवरच थांबायचं होतं ना." उत्तर दिलं नाही.

पेट्रोलचा निर्णय फाइलच्या आधी

युरोपात लिहिलेल्या बऱ्याच फाइली ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी असतात. ऑक्टेन जितकं जास्त तितकं नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून बसणारे ठोके, कमी. आपल्या पंपावर आता ई २०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. इथेनॉलचं ऑक्टेन १०८ च्या आसपास, आणि ते उडताना हवा थंड करतं, म्हणून नॉकिंगच्या दृष्टीने ते वाईट नाही. पण त्यात ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश, आणि जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७, इथेनॉलला ९. त्यामुळे ई २० वर तेवढ्याच ताकदीला पेट्रोल जास्त ओतावं लागतं. साध्या फाइलवर पंप आणि इंजेक्टरकडे ती सवलत असते. बूस्ट वाढवला की उच्च दाबाचा पंप काठाला येतो आणि वरच्या आरपीएमला रेलचा (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) दाब पडू लागतो. लॉगमध्ये (चालत्या गाडीतल्या आकड्यांची नोंद) हे पाहिल्याशिवाय कळत नाही.

पुण्यात १०० ऑक्टेनचं एक्सपी १०० डिसेंबर २०२० मध्ये आलं. पुणे पहिल्या दहा शहरांतच होतं. ९५ ऑक्टेनचं एक्सपी ९५ त्याहून कितीतरी सहज मिळतं. माझा सल्ला: १०० वर फाइल बनवू नका, जरी परवडत असलं तरी. रात्री अकराला कराडजवळ काटा लाल झाला की मिळेल ते भरावं लागतं. रोज मिळणाऱ्या पेट्रोलवर फाइल बनवा आणि चांगलं पेट्रोल घातलं तर तो बोनस समजा. कंपनीची फाइल नॉक सेन्सर ऐकून ठिणगी मागे ओढते आणि इंजिन वाचवते. घाईत बनवलेल्या काही फाइलींमध्ये तोच कान बधिर केलेला असतो.

पहिला डायनो: आकडा नाही, फरक

आता खरी मोजणी, डायनोवर: चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजायचं यंत्र. आमच्या डायनोच्या शेडमध्ये एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली ४० च्या वर तापमान असेल. गाडीची पुढची चाकं रोलरवर, मागून पट्टे आवळलेले, आणि बंपरसमोर लग्नाच्या मांडवात असतो तसला एक उभा पंखा. १०० च्या वेगाने धावणाऱ्या गाडीला जी हवा मिळते, तिच्या पासंगालाही तो पंखा पुरत नाही. म्हणून सकाळी आठची वेळ घ्या, मोठा ब्लोअर आहे का ते आधी विचारा, आणि एकच धाव नाही, पाठोपाठ तीन धावा मागा. पहिली धाव सगळ्यांचीच छान येते.

माझ्या गाडीचे चाकांवरचे आकडे, एकाच रोलरवर:

जुनी बेवारस फाइल: कमाल टॉर्क ४०२ न्यूटन मीटर, ताकद २२८ पीएस; तिसऱ्या धावेला २१५.
कंपनीची फाइल: ३१८ आणि २०१, तिन्ही धावा जवळजवळ सारख्या.
आताची फाइल: ३७२ आणि २४६; तिसऱ्या धावेला २४१.

पहिल्या ओळीकडे बघा. टॉर्क सगळ्यात जास्त, पण तो २,४०० आरपीएमला एका टोकासारखा वर गेला आणि लगेच कोसळला. लॉगमध्ये त्याच क्षणी तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी सात अंश मागे ओढलेली दिसत होती. इंजिन स्वतःला वाचवत होतं. सीटला पाठ चिकटायची ती या टोकामुळे. आणि क्लच घसरायचा तोही याच टोकामुळे. टर्बो इंजिनाला कमी आरपीएमवर जबर टॉर्क मागितला, तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेट घेण्याचा धोका असतो, आणि त्यात पिस्टन फुटतात. माझे फुटले नाहीत ही काकांची पुण्याई म्हणायची.

चाकांवरचा आकडा कंपनीच्या आकड्यापेक्षा कमीच येणार, मधे गिअरबॉक्स आणि टायर आपला वाटा खातात. २०१ म्हणजे माझी गाडी कमजोर, असं नाही. दुसऱ्याच्या रोलरवरच्या आकड्याशी तुलना करू नका. एकच रोलर, एकच माणूस, जमलं तर एकच दिवस.

आणखी एक खाच. डायनोचं सॉफ्टवेअर हवामानाची दुरुस्ती करतं. एसएई पद्धत २५ अंश आणि ९९ किलोपास्कल धरते. पुण्याचा दाब ९५ च्या आसपास, म्हणून ते आकडा वाढवून दाखवतं. टर्बो नसलेल्या गाडीला हे रास्त आहे. टर्बो गाडी मात्र कमी दाब ओळखून टर्बो थोडा जास्त फिरवते आणि तूट बरीचशी भरून काढते. तिला वरून पुन्हा दुरुस्ती दिली की फुकटचे पाच टक्के मिळतात. आधीचा आलेख बिनदुरुस्तीचा आणि नंतरचा दुरुस्ती लावलेला, अशी जोडी दाखवणारा मला भेटलाय. दोन्ही कागदांवर दुरुस्तीचा प्रकार लिहिलेला असतो, कोपऱ्यात, बारीक अक्षरात.

याच उंचीमुळे मुंबईत बसवलेली फाइल इथे जशीच्या तशी टाकू नये. मुंबईत जो दाब गाठायला टर्बो जेवढा पळतो, तोच दाब गाठायला त्याला इथे त्याहून जास्त पळावं लागतं, आणि महाबळेश्वरला अजून जास्त. छोट्या टर्बोच्या टोकाशी काढलेली फाइल घाटात धापा टाकते.

डायनो नसेल तर जीपीएसची छोटी डबी वापरा. मी तिसऱ्या गिअरमध्ये ६० ते १०० ची वेळ घेतली, प्रत्येकी पाच धावांची सरासरी. कंपनीची फाइल ३.५ सेकंद, बेवारस फाइल ३.३, आताची ३.०. एक्सप्रेसवेची मर्यादा सपाटीवर १०० आहे, म्हणून चाचणी तिथेच संपवायची. शून्य ते शंभर मोजायचंच असेल तर आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होते तशा ड्रॅग स्पर्धेत उतरा, पाषाण रोडवर नको.

ट्यूनरला काय विचारायचं

किती घोडे देणार, हा शेवटचा प्रश्न. आधी विचारा: कमाल टॉर्क कुठल्या आरपीएमपासून देणार, आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तो कमी ठेवणार का? गिअरबॉक्सची फाइल बदलणार की नाही? ई २० वर याच इंजिनाचे लॉग दाखवता का? फाइल तयार मिळते की माझ्या गाडीचे लॉग बघून दुरुस्त करणार, आणि अशा किती फेऱ्या पैशांत धरल्यात?

या प्रश्नांना कंटाळणारा माणूस तुमचा नाही. मी ज्याच्याकडून काम करून घेतलं, त्याने मला उलट तीन प्रश्न विचारले: रोजचा प्रवास किती, घाटात किती जाता, पेट्रोल कुठलं. मग म्हणाला, "तुम्हाला ३७० पुरे. ४०० मागाल तर देईन, पण क्लचचं बिल मला पाठवू नका." तिथेच पैसे दिले.

स्टेज वन म्हणजे फक्त सॉफ्टवेअर. स्टेज टूमध्ये डाउनपाइप (टर्बोनंतरचा धुराचा पाइप), इंटरकूलर येतो. इंटरकूलर हा पुण्याच्या उन्हाळ्यात खरोखर पैसे वसूल करणारा भाग आहे, ताकदीपेक्षा सातत्यासाठी. डाउनपाइपमध्ये बहुधा धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात लागतो, आणि तिथे मी थांबतो.

फ्लॅशचा दिवस आणि नंतरचे पंधरा दिवस

फ्लॅश करताना, म्हणजे नवी फाइल ईसीयूत टाकताना, बॅटरीला बाहेरून स्थिर पुरवठा जोडलेला हवा. मधेच व्होल्टेज पडलं तर ईसीयू कोमात. अंगावर येणारं काम एवढंच, बाकी अर्धा तास नुसतं बसणं असतं.

खरं काम त्यानंतर. पहिले पंधरा दिवस आठवड्यातून दोनदा लॉग घ्या, लॅपटॉप शेजारच्या सीटवर मित्राच्या मांडीवर ठेवून. चार रकान्यांकडे बघायचं. प्रत्येक सिलिंडरची ठिणगी किती मागे ओढली जाते: एक-दोन अंश अधूनमधून चालतं, एकाच सिलिंडरला सतत पाच-सहा दिसले तर पाय काढा. मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट. रेलमधला पेट्रोलचा दाब. आणि इनटेकचं तापमान. दुपारी सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून बाहेर पडल्यावर हा आकडा बघितलात तर "आज गाडी ओढत का नाही" हे कोडं सुटतं. पहिलं लॉग बघून माझ्या ट्यूनरने दोन ठिकाणी ठिणगी एक अंश कमी केली. डायनोवर तीन पीएस गेले, गाडी मात्र उन्हात सुधारली.

प्लगचा गॅप थोडा कमी ठेवा आणि ते वीस-पंचवीस हजारांत बदला. ऑइल दहा हजारांच्या पुढे ढकलू नका. ॲव्हरेज वाढतं म्हणतात. शांत चालवलं तर किंचित वाढेलही, पण शांत चालवायला कुणी रीमॅप करत नाही. माझं एक किलोमीटरने कमी झालं.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा गाडी वेगळी करायची नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. एमएच १२ किंवा एमएच १४ च्या रस्त्यावर कुणी ईसीयू वाचत नाही हे खरं, पण अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर वाचू शकतो. विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेम नाकारायला निमित्त ठरतो. लेखी कळवा, नाही म्हणाले तर निर्णय डोळे उघडे ठेवून घ्या.

वॉरंटीत गाडी असेल तर विषय इथेच संपवा. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत बदललेलं सॉफ्टवेअर सर्व्हिस सेंटरच्या सिस्टिमला दिसतं आणि गाडीवर टीडी १ असा शेरा बसतो. मूळ फाइल परत टाकून तो पुसला जाईल या भरवशावर राहू नका. वॉरंटी संपली असली तरी सर्व्हिसला देताना सांगा, "सॉफ्टवेअर अपडेट करू नका." एका अपडेटमध्ये तुमचे पैसे पुसले जातात.

खर्च

मला इंजिनाची फाइल, गिअरबॉक्सची फाइल, दोन डायनो आणि लॉगच्या फेऱ्या मिळून साठेक हजार लागले. त्याआधीची सफाई, प्लग, पाइप, ऑइल यांचे पंचवीस. टायर वेगळे. क्लचचा संच बदलावा लागला त्याची रक्कम लिहीत नाही, ती अजून घरात माहीत नाही.

आधी मूळ फाइलवर काही महिने चालवल्याचा मला फायदा झाला. तेव्हा कळलं की मला खटकत होतं ते ताम्हिणीत तिसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना ४,५०० च्या पुढे गाडीचा जीव संपायचा तेवढंच. बेवारस फाइलने खाली धिंगाणा वाढवला होता आणि नेमकं तिथे काहीच दिलं नव्हतं. आताची फाइल खाली जवळजवळ कंपनीसारखी सभ्य आहे. शेजारी बसणारा मित्र तर म्हणाला, "तू परत स्टॉक केलीस का?" मी त्याला आलेख दाखवला नाही, ताम्हिणीला नेलं.

बाणेरच्या काकांना मी नंतर फोन केला होता, भांडायला नाही, फाइल कुणी टाकली ते विचारायला. ते मनापासून चकित झाले. मग दोन मिनिटांनी त्यांचाच परत फोन आला, आवाज खाली. "अहो, तो आमचा धाकटा. म्हणतो दहा हजारांत केलं होतं, बाबांना सांगू नका." ती फाइल अजून माझ्या पेनड्राइव्हवर आहे, "बाणेर" नावाच्या फोल्डरमध्ये, मूळ आणि आताच्या फाइलीच्या शेजारी. गाडी विकेन तेव्हा तिन्ही आलेखांसकट पेनड्राइव्ह चावीबरोबर देणार आहे.